पाचर

"पाचर कुठं गेली वं, प्रेमाबाई?"

धोंडबा मिस्त्री संडासात उकिडवा बसून कमोडच्या बुडाखाली बोट फिरवत होता. बोट रिकामंच बाहेर आलं.

"पंधरा दिवसांमागं छपराच्या कवेलूचा तुकडा ठोकून गेलो होतो. त्याच्या आधी लाकडाची चिप. दोन्ही गायब! तुमच्या घरचे उंदीर नेते का?"

"मले काय माहीत, भाऊजी?" प्रेमलता पोरीला कडेवर घेऊन दारात उभी होती. "हलते एवढं खरं. मामाजी बसले का डुगडुगते. भेव वाटते त्याईले."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, रामाजी. सिव्हिल लाइन्सच्या एका बंगल्यात तीस वर्षं माळी होते. मेंदी छाटताना शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उकिडवं बसायचं नाही. बंगल्यात तेव्हा नवा कमोड बसला होता. जुना साहेबांनी हातगाडीवर टाकून इंदोऱ्याच्या वस्तीत रामाजींच्या घरी पाठवून दिला. आठवडाभर अख्खी गल्ली तो बघून गेली.

धोंडबानं आयुष्यभर बसके संडास बसवले होते. ही खुर्ची पहिलीच. सवयीनं त्यानं फरशीला पाणी वाहून जायला ढाळ दिला आणि त्या ढाळावरच कमोड मांडला. एक बाजू अधांतरी राहिली. तेव्हापासून तो हलत होता.

हलला तर हलला, असं म्हणून चाललं असतं. पण रामाजींनी जेवणच तोडलं होतं.

"पोटात गेलं तर तिथं जा लागते," ते म्हणायचे आणि ताट सरकवायचे. दोन भाकरींतली अर्धी जेमतेम मोडलेली असायची. गळ्याखालची हाडं वर आली होती. अंगातला सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता.

प्रेमलताचा नवरा कवडू गिरणीत होता. गिरणीला आठ महिने टाळं. तो कन्हानला कोळशाच्या गाड्या भरायला जायचा आणि शनिवारी यायचा. काळा होऊन. घरात ज्वारीचं पीठ होतं, तेही मोजकं. प्रेमलता सकाळी चार भाकरी थापायची. दोन सासऱ्याला, दोन तिला दिवसभराच्या.

सासऱ्याच्या ताटातली उरलेली दीड भाकर ती चुलीमागं भिंतीकडे तोंड करून खायची. चोरासारखी. घरात म्हातारा उपाशी आणि सून त्याच्याच ताटातलं खाते, हे कोणी पाहिलं तर? पण अंगावर पाजणारीच्या पोटात कसा खड्डा पडतो, ते तिलाच ठाऊक. खाऊन झालं की ती पदरानं तोंड पुसायची आणि स्वतःला शिव्या घालायची.

म्हणून तर तिनं धोंडबाला तिसऱ्यांदा बोलावलं. सिमेंट परमिटवर मिळण्याचे दिवस. त्यानं कामावरची फाटकी पोती झटकून घमेलंभर जमवलं होतं.

"राहू दे गा, धोंडबा," बाजेवरून रामाजी म्हणाले. "कायले तरास घेतो? म्हाताऱ्याचं काय, आज आहे, उद्या नाही."

"तुमच्यासाठी नाही करून राहिलो. माह्या नावासाठी करून राहिलो! सारा इंदोरा म्हणते, धोंडब्याची खुर्ची नाचते."

धोंडबानं कमोड उचलला, खाली सपाट थर दिला, कडेनं माल भरला. वर पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा ठेवून पाहिला. एक थेंब सांडला नाही.

"तीन दिवस कोणी बसायचं नाही. मंग हत्ती बसवा." हात धुताना त्यानं पोरीचा गाल ओढला. "पोरगी मात्र बाळसं धरून राहिली बरं."

"तीन दिवस का?" रामाजी म्हणाले. "मंग तीन दिवस मले ताट वाढूच नको, पोरी."

"असं कसं, मामाजी? मी भांडं देते ना."

"सुनेनं माहं भांडं उचलावं? त्यापरीस उपास बरा."

त्या दिवशी त्यांनी गुळाचा चहा तेवढा घेतला. दुसऱ्या सकाळी तोही अर्धा ठेवला. शेजारच्या अंजनाबाई डोकावून गेल्या आणि प्रेमलताला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोळे पाहिले का त्याईचे? असेच राह्यले तर बाजेवरून उठत नाही वं म्हातारा."

"उद्याचाच दिवस, काकू," प्रेमलता म्हणाली. "परवापासून जेवतील. आता हलत नाही ना ते." बोलताना तिचा आवाज मात्र तिलाच पटला नाही.

परवासाठी तिनं अंजनाबाईंकडून अंबाडीची जुडी मागून घेतली. रामाजींना अंबाडीची भाजी फार आवडायची.

दुपारी पोरीला झोपवून ती घागर घेऊन सरकारी नळावर गेली. नळाला धार नव्हती. ती तशीच परत फिरली.

बाज रिकामी होती. काठी खाली पडली होती. संडासातून खरवडल्याचा आवाज येत होता.

रामाजी फरशीवर बसले होते. मोडका पाय लांब केलेला, पाठ भिंतीला टेकलेली. हातात माळीकामाचं खुरपं. कमोडच्या कडेचं ओलसर सिमेंट त्यांनी अर्ध्याहून जास्त उकरून काढलं होतं, आणि ढेकळं सदऱ्याच्या ओच्यात गोळा केली होती. आधीची चिप आणि कवेलूचा तुकडा काढला असेल तसंच.

"मामाजी!" घागर तिच्या हातातून सुटली. "काहून? काहून करून राहिले असं? मरा लागते का तुमाले?"

रामाजींनी खुरपं खाली ठेवलं. वर पाहिलं नाही. दम लागला होता, म्हणून शब्द थांबत थांबत आले.

"माह्या ताटातली भाकर तू खाऊन राहिली, तवापासून पोरगी भुकेनं रडत नाही वं."