दुभाषी यंत्र

दुभाषी यंत्रातून कोंबड्या आठवडाभर ‘कडू, कडू’ म्हणत होत्या. पाण्यात कडुनिंबाचा पाला घातलेला असल्याने भूपाल मगदूम हसून म्हणत, “औषध कडूच असतं, बायांनो.” प्रत्यक्षात खाद्यातल्या मक्याला विषारी बुरशी लागली होती.

“विष यकृतात उतरलंय, काका. एकही जगणार नाही, तडफडण्यापेक्षा आजच संपवू,” डॉक्टर नेजकर म्हणाल्या. “आधी यंत्र बंद करा. सगळे तसंच करतात.”

पत्नी गेल्यापासून भूपालांशी बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते. बटणावरचा हात त्यांनी मागे घेतला आणि शेडचे दार उघडले.

“आलास?” कोंबड्यांनी विचारले.

“आलो,” ते म्हणाले, आणि शेवटची कोंबडी गप्प होईपर्यंत ऐकत उभे राहिले.