देवाची कुसळं

“थांबा! भाएर पाऊल टाकू नका,” मावशी ओरडल्या.

माझा पाय हवेतच राहिला. देवराई दाखवायला गावातल्या या मावशी आम्हा नवरा-बायकोसोबत आल्या होत्या. आत मी एक पानही तोडलं नव्हतं, चपलासुद्धा बाहेर काढल्या होत्या. शिवाय जेवणाआधी धबधबा आणि किल्ला उरकायचा होता.

“मी काय चोरलंय?”

त्यांनी माझ्या पँटकडे बोट केलं. गुडघ्यापर्यंत गवताची कुसळं रुतली होती. हिच्या साडीचा काठही भरला होता.

“देवाचं बियाणं हाय ते. हितली काडीसुद्धा भाएर जात न्हाई. बसा आन् काढा. आपली आपल्याला दिसत न्हाईत, एकमेकांची काढा.”

पंचाईत झाली. सकाळी आवरायला उशीर केला म्हणून मी हिच्यावर डाफरलो होतो आणि तेव्हापासून ही माझ्याशी बोलत नव्हती. तरी बसलो. चष्मा नाकावर चढवला, साडीचा काठ मांडीवर घेतला आणि एकेक कुसळ उपटून गवतात टाकू लागलो. एक बोटात घुसलं. हिने माझं बोट ओढून फुंकर मारली.

“लग्नात माझ्या मुठीतली सुपारी सोडवतानाही असेच घामाघूम झाला होतात,” ही म्हणाली आणि खुदकन हसली. मलाही हसू आवरेना.

शेवटी मावशींनी आम्हाला फिरवून फिरवून तपासलं. “झालं. आता जावा खुशाल धबधब्याला.”

“माझा चष्मा आत राहिला बहुतेक,” म्हणत मी पुन्हा गवतात शिरलो.

ही हसत मागोमाग आली. चष्मा माझ्या नाकावरच होता.