बहिणीच्या वाटचं

जुळ्या मुली झाल्या. थोरली लालबुंद, गुबगुबीत आणि धाकटी पांढरीफटक, काडीसारखी. दोघींना गर्भात पोसणारी वार एकच होती, त्यामुळे पोटात असतानाच धाकटीचं रक्त थोरलीकडे वाहत गेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"ढमे, बहिणीच्या वाटचंही ओढून घेतलंस ना!" असं थोरलीला बोलून आई दोन दिवस धाकटीच्याच काचपेटीपाशी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "धाकटी सावरतेय. काळजी थोरलीची आहे. इतके महिने बहिणीचंही रक्त एकटीने ढकलून तिचं हृदय पार थकलंय."

आई तशीच थोरलीकडे धावली, पण उचलून घ्यायला तिचे हात पुढे होईनात.

"घ्या ना जवळ," नर्स म्हणाली, "तुमचीच आहे."