दुमडीतला केस

आमच्या मिलानच्या शिवणघरांत पूर्वी एक रीत होती. शिवणाऱ्या पोरी नवरीच्या झग्याच्या दुमडीत स्वतःचा एक केस शिवून टाकायच्या, म्हणजे पुढचं लग्न आपलं.

मी आणि फियामेत्ता इंजिनिअरिंगवाले. वस्त्रसंग्रहालयातला असाच एक सत्तर वर्षांपूर्वीचा झगा आम्ही स्कॅन करत होतो. त्याला हात लावायला सक्त मनाई होती.

सोमवारी पडद्यावर दुमडीतला काळा केस दिसला. मंगळवारी त्याच्या शेजारी एक तांबडा.

“हा तुझाच! लग्नाची एवढी घाई?” फियामेत्ताच्या तांबड्या केसांकडे बघत मी तिला चिडवलं.

“गप रे! माझं बटणसुद्धा आई लावते.”

मी चित्र मोठं केलं. तांबडा केस बारीक टाक्यांनी शिवला होता. गाठ मात्र अजून मारलेली नव्हती.

“आई गं! केस ओढू नकोस ना,” मागून फियामेत्ता ओरडली.

माझे दोन्ही हात कीबोर्डवर होते.