पहिला होकार

नगारा तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ओवेर्को बराकीच्या कोपऱ्यात बसून मधपेटीचं झाकण तासत होता. बाहेर चौकात सगळे कोसॅक लढवय्ये जमले होते. वर्षाचा पहिला दिवस. द्नीप्रो नदीकाठच्या त्या लाकडी कोटाला, सिचला, ना राजा होता ना वारस. प्रमुख दरवर्षी याच दिवशी निवडला जाई.

दार धाडकन उघडलं. दहा जण आत घुसले. पुढे त्याचा जुना सोबती लाव्रीन.

"ऊठ, ओवेर्को! तुझं नाव पुकारलंय."

"मला नकोय, लाव्रीन. खरंच नकोय. सामाराकाठी झोपडी बांधलीय, चाळीस पेट्या मांडल्यात. थंडी सरली की निघणार मी. तीस वर्षं तलवार धरली, पुरे झालं."

"वा! सुरुवात तर झकास केलीस." लाव्रीनने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "चल रे सैतानाच्या पोरा, आजपासून तू आमचा बाप!"

रीतच अशी होती. निवडलेल्या माणसाला धक्के मारत चौकात आणायचं. त्याने दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा राजदंड घ्यायचा. मग म्हाताऱ्यांनी त्याच्या डोक्याला चिखल फासायचा, म्हणजे तो मातीतला आहे हे विसरणार नाही. जो जितक्या कळवळून नाही म्हणे, तो तितका लायक ठरे.

गेल्या वर्षी याकीम गुडघे टेकून रडला होता. त्याला खरोखरच नको होतं. लोक अजून त्याच्या विनयाचं कौतुक करत. आज त्याची मुदत संपली होती. त्याने राजदंड टोपीवर ठेवला, टोपी जमिनीवर ठेवली, चारी दिशांना वाकला आणि दावं सुटलेल्या वासरासारखा बराकीकडे निघाला. ओवेर्को त्याच्या चालीकडे बघत राहिला.

"ओवेर्को, घेतोस का?" राजदंड पुढे करत एकाने विचारलं.

ओवेर्कोने दोन्ही हात पसरले.

"द्या."

राजदंड धरणाऱ्याने हात मागे घेतला.

"द्या की! किती ताटकळत ठेवाल? कधीची वाट बघतोय मी."

"अरे, हावरट!" मागून कोणीतरी ओरडलं.

"लाळ गळतेय बघा मेल्याची!"

"मध चाटून चाटून जीभ सोकावलीय!"

बर्फाचे गोळे आले. टोपी उडाली, ती त्याने कशीबशी उचलली. ज्यांनी त्याला ढकलत आणलं होतं, त्यांनीच ढकलत बाहेर काढलं. लुटीतला वाटा सगळ्यांत शेवटी उचलणारा, अशी त्याची तीस वर्षांची ओळख होती. ती चौक ओलांडेपर्यंत पुसली गेली.

"लाव्रीन! लाव्रीनला आणा!"

"अरे, मला नको! देवाशपथ नको!" लाव्रीन किंचाळला.

"ह्याला म्हणतात माणूस," शेजारचा समाधानाने म्हणाला.

ओवेर्कोने थंडी सरायची वाट पाहिली नाही. पेटीचं झाकण, घोंगडी आणि भाकरीची पिशवी घसरगाडीत टाकून तो घोडा जुंपत होता, तेवढ्यात मुसीआबा धापा टाकत आले. सिचमधले सगळ्यांत म्हातारे. त्यांची उजवी मूठ अजून मिटलेली होती.

"पोरं आता जन्मभर तुला हावरा म्हणतील."

"म्हणू देत, आबा."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं." ओवेर्कोने पट्टा आवळला. "पण माश्या मला काही म्हणणार नाहीत."

म्हातारा मिशीत हसला. "मध किती निघेल?"

"पाऊस बरा झाला तर दोन पिंपं."

"त्यातलं एक माझं. गप्प बसण्याबद्दल."

"अर्धं."

"बरं, अर्धं. वाक जरा."

ओवेर्को वाकला. मुसीआबांनी मूठ उघडली आणि सकाळपासून धरून ठेवलेला चिखल त्याच्या डोक्यावर नीट, कानापर्यंत फासला. चौकातून लाव्रीनचा दुसरा नकार आणि त्यावरचा जल्लोष ऐकू आला.

घोडा चालू लागला. वारा बोचरा होता, तरी ओवेर्कोने टोपी मांडीवरच ठेवली.