पार्सलचा चुडा

"एवढ्या बांगड्या हिच्या हातात चढवून दे कुनाकडून तरी," म्हणत शेलार गावच्या बेबीताईनं खोका कमळा कासारणीपुढं ठेवला. खोका ऑनलाईनचा, आत हिरवा चुडा. शेजारी नवरी मुलगी मृणाली, अंगठ्याला रुमाल गुंडाळून बसलेली. उद्या हळद, आणि चढवताना दोन बांगड्या आजच वाढल्या होत्या.

कमळेनं रुमाल सोडून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी ओरखडा होता, फार नव्हता.

"माप कशाचं दिलंत?"

"हिच्या पाटलीचं. हिच्या भावानं, हितेशनं पट्टी लावून मोजलं."

"पेचाच्या पाटलीचं?"

"मंग? सोन्याची पाटली पेचाचीच असते ना."

आता घ्या! पेचाची पाटली उघडते आणि मनगटावर येऊन मिटते. काच कुठून उघडणार? एरवी कमळेला हसू आवरलं नसतं. पण कासारआळीतल्या याच दुकानातून बेबीताईचा स्वतःचा चुडा गेला होता, तिच्या नणंदांचे गेले होते. हळदीला कासाराला मांडवात बोलवायचं, चुडा भरून झाला की नवरीनं वाकून नमस्कार करायचा, ही त्या घरची रीत. कमळेचा नवरा अनंता होता तोवर निरोप न चुकता यायचा. त्याला जाऊन वर्ष होत आलं. दुकान कमळा चालवत होती, आणि या लग्नाचा निरोप काही आला नाही. ऑनलाईन स्वस्त पडतं म्हणे, असं तिच्या कानावर आलं, आणि तिनं मनाची तशीच समजूत घातली.

"या चढायच्या नाहीत. अशाच दुसऱ्या देते," ती म्हणाली. गादी पुढं ओढून तिनं मृणालीचा हात हातात घेतला. "सैल सोड, बाय."

बेबीताई चुळबुळली. "शेजारची कुनी बाय न्हाय का गो? तू नुस्त्या काढून दे. भरंल ती."

कमळेच्या ध्यानात आलं. तिनं हात सोडला नाही.

"का? मी काय वाईट भरते?"

"तसं न्हाय गो. मी कशाला मानू? पन व्याह्यांकडची मानसं बोलतात. उद्या काय कमीजास्त झालं तर पोरीला ऐकून घ्यावं लागंल. म्हनून तर मागवला. पार्सलला कुनाचा हात न्हाय लागत."

कमळेला राग आला. स्वस्ताईपायी गिऱ्हाईक गेलं असतं तर भाव उतरवून परत आणता आलं असतं. इथं काय उतरवायचं? कपाळ? शेलारच्या एका घरानं असं ठरवलं की चार घरं ठरवतात, आणि मग कासाराच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पिना विकत बसायची पाळी येते.

"लागतो," ती म्हणाली.

"काय?"

"हात. पार्सलला." कमळा शांतपणे मृणालीची बोटं चेपत राहिली. "दुकानावर भागत नाही, म्हणून सकाळच्या शिफ्टला मी वडप्याला जाते, ऑनलाईनच्या गोडाऊनमध्ये पार्सलं भरायला. तिथं काच फार फुटायची. मी कासारीण आहे हे सुपरवायझरला कळलं, तेव्हापासून बांगड्यांचं टेबल मला दिलंय. टेबल एकच आहे, बेबीताई. माझी सुट्टी असली की कामतघरची गुलाब बसते त्याच्यावर. तिचाही नवरा गेलाय."

बेबीताईनं खोक्याकडं पाहिलं. खोका तोच होता, पण तिनं मांडीवरचा हात काही पुढं नेला नाही. मृणालीला मात्र हसू फुटलं.

"मग आता राहिलं काय, आई?" ती म्हणाली. "भरू दे त्यांना."

बेबीताई उठली. कमळेला वाटलं, चालली ही. पण बेबीताई दारापर्यंत जाऊन थांबली. आळीत डावं-उजवं पाहिलं आणि हात वर करून तिनं शटर अर्धं खाली ओढलं.

"भर," ती म्हणाली. "लवकर भर."

कमळेनं दिवा लावला. काचेची एकेक बांगडी अंगठ्याच्या बुडापाशी येऊन अडायची, तिथं कमळा मृणालीचा पंजा किंचित मुडपायची, आणि बांगडी पलीकडं उतरायची. बऱ्याच महिन्यांनी नवरीचा चुडा भरत होती ती. राग कुठल्या कुठं गेला. एकही वाढली नाही. भरून झाल्यावर मृणाली वाकून पाया पडली, आणि कमळेला बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. बेबीताईनंही अडवलं नाही.

पैसे चुकते झाले. बेबीताईनं पार्सलच्या बांगड्या गादीवर ओतल्या. "या तू ठेव, कुनाला तरी व्हतील," म्हणाली, आणि रिकामा खोका पदरानं पुसून पिशवीत घातला.

"तो कशाला?" कमळेनं विचारलं.

"घरी पाव्हन्या बाया आल्यात," शटरखालून वाकत बेबीताई म्हणाली. "चुडा कुठला भरला म्हनून इचारतील. दाखवायला काय तरी पायजे ना."