फ्रीजचं कपाळ

अल्ताफने खिशातून फडकं काढलं आणि फ्रीजच्या अंगाला लावणार, तोच कलाबाई मधे येऊन उभी राहिली.

"पुसू नका, भाऊ."

अल्ताफ फ्रीज दुरुस्त करणारा. भर वैशाखात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, अहेरीहून मोटरसायकल हाणत आलेला. त्याने मागची जाळी उघडली, कान लावला, दोनदा टिचकी मारली आणि सांगून टाकलं की याच्यात आता काही उरलं नाही, बदलूनच घ्या. वर्षाच्या आत बिघडला तर कंपनी नवा देते. पण वर्ष आजच भरत होतं. बिल उधईने खाल्लेलं. राहता राहिली फ्रीजच्या बाजूला चिकटवलेली कागदी पट्टी. तिच्यावरच्या नंबराचा फोटो दिवस मावळायच्या आत गेला तर नवा फ्रीज, नाही तर हे नुसतंच कपाट.

त्या पट्टीवर तेलात कालवलेल्या हळदी-कुंकवाचा जाड थर बसला होता. आखाडी, पोळा, दसरा, दिवाळी, आणि वर दर सोमवारी एक बोट.

"अख्खा फ्रीज मोकळा होता, बाई. इथीच काऊन लावलं?"

"दारावर टिकत नाई. घसरते."

"मशीनले कपाळ कुठी रायते?"

"जिथी कुंकू टिकते, तिथी."

अल्ताफ हसला, पण ती हसली नाही. ती एव्हाना अंगणात पोचली होती. तिथे सावलीला ओल्या वाळूचं मडकं, आणि वाळूत खुपसून ठेवलेल्या तिच्या नवऱ्याच्या, वारलूच्या, इन्सुलिनच्या बाटल्या. फ्रीज बंद पडून तीन दिवस झाले होते. तीन दिवस तिचा पाय एका जागी ठरला नव्हता. घटकेत चुलीपाशी, घटकेत मडक्यापाशी. पाणी ओतायचं, वाळूत बोट घालून पाहायचं. सकाळी गार लागणारी वाळू दुपारी अंगासारखी कोमट होई, आणि ती पुन्हा पाणी आणायला धावे. औषध गरम झालं की त्यातला गुण जातो, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तर चंद्रपूरच्या नोकरीतल्या लेकीने, दीपिकाने, बापासाठी फ्रीज धाडला होता.

फ्रीज आला त्याच्या आधीच्या महाशिवरात्रीला कलाबाई मार्कंड्याच्या जत्रेत कीर्तनाला बसली होती. बुवांनी पिंडीला मिठी मारून बसलेल्या पोराची कथा लावली. यमाचा फास गळ्यात पडला, तरी पोराने हात सोडला नाही. मग झांजा थांबवून बुवा म्हणाले, तुमच्या माणसाचा जीव जो राखतो त्याला ओळखा, बायांनो, त्याच्यापुढे वाका. फ्रीज आला, त्यात वारलूची औषधं गेली, आणि कलाबाईने ओळखलं.

अंगणातून परत येऊन तिने अल्ताफला हे तुटक तुटक सांगितलं. हे बोट तिने नवऱ्याच्या नावाने लावलं होतं. तो आजारी. आणि ते पुसायचं?

बाईचं कुंकू केव्हा पुसतात ते अल्ताफलाही ठाऊक होतं. त्याने फडकं घडी करून खिशात घातलं. फोनला रेंज गावात एकाच चिंचेखाली मिळे. तिथे जाऊन तो कंपनीच्या बाईशी बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडावरूनच कळलं. नंबराशिवाय नाही.

ऊन ओट्यावरून उतरलं होतं. कलाबाई पुन्हा मडक्याकडे निघाली, अर्ध्यातून फिरली, पुन्हा निघाली.

खाटेवरून वारलू उठला. भिंतीला धरत धरत आला. खांद्यावरचा शेला त्याने घागरीत बुडवून पिळला.

"कोणाच्या नावानं लावलं होतं व?"

"तुमच्या."

"मंग मीच पुसतो. उभा हावो नं इथी, पाह्य."

तिने पाहिलं नाही. वारलू पुसत होता तोवर तिचं बोट आपल्याच कपाळावर होतं, तिथलं कुंकू जाग्यावर आहे का ते चाचपत.

खालचा कागद गुलाबी झाला होता, पण आकडे काळे ते काळेच. अल्ताफने एकेक मोठ्याने वाचला, फोटो काढला आणि चिंचेकडे पळाला. आला तो हसत. मंजूर झालं होतं. शनिवारी गाडी नवा आणील, याला घेऊन जाईल. तोवर बाटल्या तो अहेरीला आपल्या घरच्या फ्रीजात ठेवील, रोजची मात्रा येत्या-जात्या बसवर धाडील. फक्त अख्ख्या फ्रीजचा एक फोटो पाठवायचा राहिला होता, समोरून.

"घेऊन जाईल?" कलाबाईने विचारलं. "कुठी?"

अल्ताफ फोटो काढायला मागे सरकला. त्याने मोबाईल उचलला, तशी ती आत धावली आणि करंडा घेऊन आली.

"थांबा, भाऊ. वर्षभर लेकीवानी राबली घरात. उघड्या कपाळानं कशी धाडू?"

अंगठ्याने तिने दारावर, वरच्या बाजूला, मधोमध कुंकू टेकवलं. गुळगुळीत दार. कुंकू घसरायला लागलं. तिने अंगठा दाबून धरला.

"बाई, हात काढा. फोटोत येऊन राह्यला."

कलाबाईने हात काढला नाही.

अल्ताफने तसाच फोटो काढला.